हात न लावता

संयोगितानं गाडी थांबवली ती ब्रेक दाबून नव्हे, दोन्ही चपला मातीत घासत. पहिल्या दिवसापासून मी तिला सांगतेय, पाय टेकायचे नाहीत, कंपनीनं गाडीला ब्रेक दिलेत ते शोभेला नाहीत. पण बाईचा स्वतःच्या पायांवर जेवढा विश्वास असतो तेवढा कंपनीवर नसतो. मी मागची दांडी धरून पळत होते. ती अशी अचानक थांबल्यामुळे मी पुढे कोलमडले, बाही वर सरकली आणि तिनं मागं वळून पाहिलं. ‘‘मॅडम, दंडाला काय झालं तुमच्या?’’ मीही पाहिलं. चार बोटं आणि एक अंगठा, निळेजांभळे, अगदी स्पष्ट. काल तिथं नुसतं दुखत होतं, आज सकाळी उमटून आलं होतं. संयोगिता शिक्षिका आहे, तिला असल्या खुणांचा अर्थ लावायची सवय असणार. आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, ‘‘घरी काही... म्हणजे मिस्टर?’’ मिस्टरांचं आणि माझं कधीच फाटलंय, त्या विषयावर मी आता वेळ घालवत नाही. मी हसून म्हणाले, ‘‘मिस्टर नाहीत हो. माझे वडील.’’ तिचा चेहरा आणखीच पडला. आता विश्रामबागेतल्या मैदानावर, ऊन चढत असताना, हिला मी काय काय सांगू? ‘‘चला, रेस द्या,’’ म्हणाले, ‘‘आणि आता पाय टेकलात तर उद्या येऊ नका.’’

मी पळत राहिले आणि दंड ठणकत राहिला. माझं पोटच असं पळण्यावर आहे. गेली काही वर्षं मी सांगलीतल्या बायकांना स्कूटी शिकवते, अर्ध्या गावाच्या बायका माझ्या हातातून सुटलेल्या आहेत. सुटलेल्या असंच म्हणायचं, कारण खरं शिकवणं एवढंच असतं की दांडी कधी सोडायची. आणि सोडताना सांगायचं नाही. मी सोडते आणि तसंच बडबडत मागून पळत राहते, बाई माझ्या आवाजाच्या भरवशावर मैदानाच्या टोकापर्यंत जाते, तिथं वळून बघते आणि किंचाळते. मला आजवर हे कधी अवघड गेलेलं नाही. हात सोडायचा म्हणजे सोडायचा. पण माझ्या वडिलांना, आबांना, ते जमत नाही, आणि त्यांचं हे न जमणं काल मला पाण्याबाहेर घेऊन आलं होतं.

काल म्हणजे रविवारी, साताऱ्याच्या वरच्या अंगाला धरणात. पुढच्या महिन्यात तिथंच मला पोहायचं आहे, भिंतीपासून पलीकडच्या गावापर्यंत आणि परत, दहा किलोमीटर. माझं पहिलं लांब पोहणं. टँकमध्ये मी कितीही पोहते, कृष्णेच्या घाटावर सकाळच्या म्हाताऱ्यांबरोबर रोज पोहते, ते म्हातारे मगरीच्या गोष्टी सांगत सांगत पलीकडच्या काठाला जाऊन येतात आणि चहा पितात. पण नदीला दोन काठ असतात आणि टँकच्या तळाला काळी रेघ असते. धरणात काही नसतं. तोंड खाली घातलं की हिरवं, मग गडद हिरवं, मग नुसतं खोल. खाली कुणाचं तरी गाव आहे म्हणतात, मी चौकशी केलेली नाही. पहिल्यांदा तिथं उतरले तेव्हा पोटातून एक थंड काहीतरी वर आलं, पायाखाली एवढी जागा रिकामी आहे हे पोटालाच आधी कळतं. मग कळलं की पाण्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, ते दोन फुटांवर जसं उचलतं तसंच शंभर फुटांवर उचलतं. त्या दिवसापासून मला खात्री आहे की मी हे पोहणार. ही फुशारकी नाही. भाकरी फुगणार की नाही हे जसं परतायच्या आधी कळतं, तसं ते मला माहीत आहे.

अडचण फक्त होडीतल्या माणसाची. या पोहण्याचा नियम असा की प्रत्येक पोहणाऱ्याच्या बाजूनं एक होडी चालते, तिच्यात वल्हवणारा असतो आणि पोहणाऱ्याचं एक घरचं माणूस. लालासाहेब सर म्हणतात, दमलेला माणूस पाण्यात खोटं बोलतो, मी ठीक आहे म्हणतो, ते खोटं घरच्याच माणसाला ओळखू येतं. सर मूळचे कोरेगावकडचे, घरचा ऊस सोडून फौजेत गेले, सुभेदार होऊन परत आले आणि आता ऊस भावाकडे ठेवून पोरांना पाणी शिकवतात. त्या घरच्या माणसानं काय करायचं तर पाणी द्यायचं, केळं द्यायचं, वेळ सांगायची, धीर द्यायचा. एकच गोष्ट करायची नाही. पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. बोट जरी लागलं तरी पोहणं तिथं संपलं, मग काठ कितीही जवळ असो. आणि माझं घरचं माणूस म्हणजे आबा. आई गेल्यावर त्यांनी मेंढरं विकली आणि ते माझ्याकडे सांगलीला आले. आटपाडीकडच्या माळावर ज्या माणसानं जन्म काढला, जिथं टँकर आला की लग्नाएवढी गर्दी होते, त्या माणसाला मी होडीत बसवलं. त्यांना पोहता येत नाही. पाण्याकडे ते नेहमी जरा लांबून, मान तिरकी करून बघतात.

काल अर्ध्या अंतरावर मी पाणी प्यायले, बाटली परत फेकली, आणि पुढच्या हाताआधी क्षणभर तशीच पाण्यावर पडून राहिले. हात पुढे लांब, तोंड पाण्यात, खांदे सैल. सरांनीच शिकवलंय ते, शरीर पाण्यावर टाकून द्यायचं, त्यानं सगळा थकवा खाली उतरतो. पोहण्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. कानात पाण्याचा आवाज, बाकी काही नाही, आपलं वजन कुणीतरी काढून घेतलेलं. आणि तेवढ्यात दंडाला सांडशी लागली. मला वर खेचलं गेलं, नाकातोंडात पाणी गेलं, छाती होडीच्या काठावर आपटली, आणि मी डोळे उघडले तर आबांचा चेहरा माझ्या तोंडासमोर, भुरकट पडलेला, आणि ते ओरडत होते, ‘‘धरली! धरली! सायेब, धरली मी!’’ होडी वाकडी झाली होती. सरांनी वल्हं आडवं धरून ती सावरली, मग शांतपणे शिट्टी तोंडात घेतली आणि वाजवली. ‘‘आउट,’’ म्हणाले. ‘‘माया, बाहेर ये.’’ मला तेव्हा आबांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काठावर टॉवेल गुंडाळून बसले आणि दात वाजू दिले. सर जवळ येऊन बसले. ‘‘देख माया, बाप आहे, मी समजू शकतो. पण त्या दिवशी हे झालं तर वर्षाची मेहनत पाण्यात. पुढच्या रविवारी शेवटची प्रॅक्टिस. एक चान्स देतो म्हाताऱ्याला. हात लागला तर होडीत दुसरा माणूस. ओके?’’ मी मान हलवली. मनात म्हणाले, पुढचा रविवार कशाला, आत्ताच दुसरा माणूस बघा.

परतीच्या रेल्वेत आबा खिडकीशी बसले होते. लोणंदकडून आलेल्या गाडीत कांद्याचा वास भरलेला. त्यांनी शेंगा घेतल्या, फोडून दाणे माझ्या हातावर ठेवत राहिले, स्वतः एक खाल्ला नाही. कराड मागं गेलं तेव्हा कुठं बोलले. ‘‘तू मान टाकली हुतीस.’’

‘‘आबा, मी पवत हुते.’’

‘‘पवणारं माणूस वर बगतंय.’’

‘‘ते आपल्या हिरीतलं पवणं. हितं तोंड पाण्यातच घालत्यात.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चुकीचं शिकवलेल्या पोरीकडे बघतात तसं. ‘‘मेंढरू बुडताना वरडत न्हाई, मायाक्का,’’ म्हणाले. ‘‘शेरडू वरडतंय. मेंढरू गप मान टाकतंय आन् जातंय. तेवढ्यात धरलं तर धरलं.’’ एवढं बोलून ते पुन्हा शेंगा फोडायला लागले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझा राग होता तिथंच होता, फक्त त्याला बसायला जागा उरली नव्हती.

कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्याकडे लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतात. दिवाळीनंतर आमचा कळप कृष्णाकाठाला उतरायचा, पलूसच्या अंगाला, तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे. मग एक दिवस सगळी माणसं नदीत उतरायची. कंबरभर पाण्यात ओळीनं उभी राहायची, एकेक मेंढरू ओढून आणायचं, घासायचं, उलटंपालटं करायचं आणि पलीकडे सोडून द्यायचं. मेंढरू पोहतं. पण भिजलेली लोकर दगडासारखी जड होते आणि ते दमलं की कुणाला सांगत नाही. म्हणून ओळीच्या शेवटी जो उभा असतो त्याचं काम धुण्याचं नसतं, त्याचं काम फक्त बघण्याचं. कुठल्या मेंढराची मान कलली, कुणाचं नाक पाण्याला लागलं. त्या जागी कायम आबा. पोहता न येणारा माणूस छातीभर पाण्यात उभा राहून आयुष्यभर माना बघत राहिला. त्यांच्या हातून एकही मेंढरू गेलं नाही, असं सगळे सांगायचे, आणि आबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन, म्हणजे शाळेत नाव होतं एवढंच. काठावर बसून मी चिंब भिजलेल्या मेंढ्यांना हाकारत होते. एक काळ्या तोंडाची मेंढी होती, माझी म्हणून ठरलेली. ती पाण्यात गेली तशी मीही गेले, तिच्या पाठीवरची लोकर दोन्ही मुठींत धरून. मला वाटलं होतं थोडं जाऊन परत येऊ. पण तिनं धार पकडली आणि पायाखालची वाळू निघून गेली. आणि मी बुडाले नाही. हे मला आजही कुणाला नीट सांगता येत नाही. मी हलकी झाले. माळावर दिवसभर चालणारी, डोक्यावर कोकरांची जाळी घेणारी, सतत कशानं तरी दमलेली मी, मला काही वजनच उरलं नाही. मेंढी पुढे आणि मी मागं, परकर फुगलेला. मग मी तोंड पाण्यात घातलं. थंडीतलं पाणी निवळलेलं होतं, खाली बघायचं होतं मला. आणि मी बघत असतानाच माझी वेणी कुणीतरी मुळापासून उपटली, निदान मला तसं वाटलं. आबांनी मला वेणीला धरून बाहेर काढलं, खांद्यावर उलटं टाकलं आणि पाठीवर एवढ्या थापा मारल्या की त्या थापांनीच मी रडायला लागले. मी रडले म्हणून तेही रडले. पुढे ती गोष्ट झाली. पाव्हण्यारावळ्यांत, देवाच्या जत्रेत, माझ्या लग्नात, मोडलेल्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा. ‘‘गेलीच हुती ही. मान टाकली हुती. वेणी हाताला लागली म्हणून हाय.’’ चिंचलीच्या मायाक्कादेवीचं नाव मला ठेवलेलं, तिनंच राखली असं म्हणून ते कपाळाला हात लावायचे. मी कधी म्हणाले नाही की मी बुडत नव्हते. ज्या माणसाच्या खिशात सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे त्याची ती कशी काढून घ्यायची? आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडून ऐकायला मला आवडायचंही. पण मोठेपणी टँकमध्ये उतरले, पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं, आणि तो हलकेपणा जसाच्या तसा परत आला. तेव्हा कळलं की मला पोहायला मेंढीनं शिकवलं आणि आबांनी अर्ध्यात थांबवलं. धरणाचं पोहणं ठरलं तेव्हा सर म्हणाले, घरचं माणूस कोण, आणि माझ्या तोंडून आबा निघालं ते घरात दुसरं कुणी नाही म्हणून नव्हे. घाटावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीही आनंदानं आला असता. मला हवं होतं की त्यांनी बघावं. मी पाण्यात असते तेव्हा काय असते ते, एकदा, पूर्ण, मध्ये हात न घालता.

‘‘मॅडम!’’ संयोगिता मैदानाच्या टोकाला पोचली होती. मी तिला कधी सोडलं मलाच आठवेना. ती वळून बघत होती आणि किंचाळत नव्हती, हसत होती. ‘‘तुम्ही धरलंच नव्हतं!’’ मी म्हणाले, ‘‘नव्हतंच.’’ आणि घरी जाताना ठरवलं की आबांना आजच सांगायचं, तुम्ही येऊ नका. सोमवारी ठरवलेलं बरं असतं, आठवडाभर रुसायला वेळ मिळतो.

आबा गच्चीवर होते. माळावरून येताना त्यांनी एकच वस्तू आणलेली, बाभळीचा पाला पाडायची लांब काठी, टोकाला कोयता बांधलेली. शेळ्यांना त्यांनी तिनं आयुष्यभर शेंगा पाडून घातल्या आणि सांगलीत आल्यावर शेजाऱ्यांचा शेवगा. आत्ता ते मांडी घालून बसले होते, काठी आडवी, आणि कोयत्याची दोरी सोडत होते. शेजारी दुधाच्या किटलीची तारेची कडी पडलेली. ‘‘काय चाललंय?’’ मी विचारलं.

‘‘बाटली बसंल का बग ह्यात.’’ त्यांनी कडी काठीच्या टोकाशी धरून दाखवली. ‘‘सायबांकडची बाटली द्यायची नळी आखूड हाय. एवढ्या जवळ तू आलीस की माझं हात ऐकत न्हाईत. ह्यानं लांबनंच पाजतो.’’ त्यांनी आपले हात उलटे करून बघितले, जणू ते रानात नुकसान करून आलेलं दुसऱ्या कुणाचं जनावर असावं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. सांगायचं ते वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. ते म्हणाले, ‘‘पर एक सांग. मान बगायची न्हाई म्हंतीस. मग काय बगायचं?’’

मी खाली बसले. या माणसाला मी होडीत बसवलं, पाणी द्या सांगितलं, हात लावू नका सांगितलं, आणि बघायचं काय ते सांगितलंच नव्हतं. त्यांच्याजवळ एकच खूण होती, साऱ्या जन्माची, आणि माझ्या पोहण्यात नेमकी तीच उलटी होती. ‘‘कोपर बगा,’’ मी म्हणाले. ‘‘माझं कोपर पाण्याच्या वर येतंय तवर मी हाय. मान कुटं का असंना.’’ आणि मग मी टाकीच्या ओट्यावर पालथी पडले आणि हवेत पोहून दाखवलं. डोकं खाली, कोपर वर, डोकं खाली, कोपर वर. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या मनुबाई हात थांबवून बघत राहिल्या. आबा जवळ येऊन वाकले, लंगडं कोकरू तपासतात तसे. ‘‘डावं जरा कमी येतंय,’’ म्हणाले. खरंच येतं. तिथं चार बोटांचे वळ होते. त्यांनी ते पाहिले आणि खाली जाऊन हळद गरम करून घेऊन आले.

आठवडा नेहमीसारखा गेला. सकाळी घाट, मग मैदान, संध्याकाळी टँक. पोहताना मला एक गंमत कळली, की मी डाव्या कोपराकडे लक्ष देतेय. कुणीतरी बघणार म्हणून ते आपणहून वर येत होतं. रात्री झोप छान लागत होती. भीती म्हणाल तर एकच होती, आणि ती पाण्याची नव्हती. ती पाच बोटांची होती. ती आली की मी तिला सांगायचे, बघू रविवारी.

रविवारी धरणावर धुकं होतं, पाण्यातून वाफा निघत होत्या. आबांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि काठी अशी उभी धरली होती की काठावरच्या पोरांना वाटलं कुठली पालखी निघालीय. सर वल्ह्यावर. मी उतरले. गार पाण्यानं आधी श्वास आवळला, मग सोडला, मग अंग त्याच्या मापाचं झालं. मी निघाले. श्वासाला डोकं वळवलं की दर वेळी तेच चित्र, होडीचा काठ, मफलर, आणि आबांची नजर माझ्या कोपरावर खिळलेली. एकदा काठी पुढे आली, टोकाला बाटली, शेळीसमोर फांदी यावी तशी बरोबर तोंडासमोर. मी प्यायले. ‘‘डावं बरं हाय,’’ वरून आवाज आला. मला हसू आलं आणि पाणी नाकात गेलं. पलीकडचं गाव जवळ आलं, देवळाचा कळस दिसला, आम्ही वळलो. परतीचा वारा समोरून होता. मी जोर लावला, आणि भिंत नुकती दिसायला लागली होती तेव्हा उजव्या पोटरीत गोळा आला.

पोटरीतला गोळा काय असतो ते ज्याला आलाय त्यालाच माहीत. आतून कुणीतरी शीर पिळतं. त्याला उपाय एकच आहे आणि तो मला पाठ आहे, श्वास भरायचा, तोंड पाण्यात टाकायचं, गुडघा पोटाशी घ्यायचा आणि दोन्ही हातांनी पायाचा अंगठा धरून स्वतःकडे ओढायचा. मी तसं केलं. अंग गोल झालं आणि पाण्यावर टांगून राहिलं. आणि मग लक्षात आलं की होडीतून आता काय दिसत असणार. मान खाली. कोपर नाही. हात नाहीत. पाण्यावर फक्त पाठ. आबांजवळ ज्या दोन खुणा होत्या, त्यांची जुनी आणि माझी नवी, त्या दोन्ही आता एकच सांगत होत्या, ही चालली. मला वर येऊन ओरडता आलं असतं. पण गोळा सुटला नसता, आणि सुटला नसता तर मी आपल्याच हातांनी होडी धरली असती. मी अंगठा ओढत राहिले. दंडाची जखम स्वतःहून आकसली, आत्ता येईल, आत्ता लागेल सांडशी. माझं सगळं आता माझ्या हातात नव्हतं, ते वर होतं, एका म्हाताऱ्याच्या दोन हातांत, आणि ते हात त्याचं ऐकत नाहीत हे त्यानंच मला सांगितलं होतं.

काही लागलं नाही. त्याऐवजी तोंडासमोर, हिरव्या पाण्यात, काठीचं टोक आलं. बाटली काढलेली. नुसतं लाकूड, वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेलं, आणि तारेची कडी. ते माझ्यापासून वीतभर लांब येऊन थांबलं आणि तसंच थांबून राहिलं, थरथरत. ते मला शिवत नव्हतं. धरायचं असेल तर धर, एवढंच ते सांगत होतं. मी ते बघत राहिले. इतकं प्रेम मला त्या लाकडाचं आलं की काय सांगू. आणि पोटरीतली शीर एकेक पदर सुटत गेली, पाय माझा झाला, मी अंगठा सोडला आणि वर आले.

होडीत विचित्र देखावा होता. सर अर्धे उठलेले, एक हात पाण्याकडे लांबवलेला. आबा बसलेले, उजव्या हातात काठी, आणि डाव्या हातानं त्यांनी सरांचं मनगट पकडून ठेवलं होतं. सरांचा हात लाल झाला होता. ‘‘छोडो ना आता, नानासो,’’ सर आबांना म्हणाले. ‘‘ठीक आहे ती.’’ आबांनी बोटं एकेक करून उघडली. मनगटावर चार बोटं आणि अंगठा उमटलेले. सर ते चोळत हसायला लागले. ‘‘मैं तो निकालनेवाला था,’’ मला म्हणाले. ‘‘तुझ्या वडिलांनी उठू दिलं नाही. मला म्हणतात, थांबा सायेब, तिला इचारलंय मी.’’

आबा हसत नव्हते. ते वाकून माझ्याकडे बघत होते. लांबून नाही आणि तिरकं नाही, सरळ. मी हातपाय हलवत पाण्यात उभी होते. वाऱ्यानं मफलरचं टोक त्यांच्या तोंडावर येत होतं, ते त्यांनी बाजूला केलं.

‘‘मायाक्का,’’ ते म्हणाले, ‘‘तवा बी तू बुडत न्हवतीस, व्हय गं?’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, तिथं पाण्याला काय कमी. ‘‘न्हाई आबा,’’ मी म्हणाले. ‘‘मी खाली बगत हुते.’’

सरांनी वल्हं थांबवलं होतं. मला वाटलं, घेतली मी त्यांची ती एकुलती एक गोष्ट काढून. मग त्यांनी विचारलं, ‘‘काय हुतं खाली?’’

‘‘मेंढ्यांचं पाय. समद्या पाण्यात चालत हुत्या, आबा. खाली काय बी नसताना.’’

त्यांनी ते ऐकलं. काठी होडीत घेतली, कडीत बाटली बसवली, ती पुन्हा माझ्यापुढे धरली. ‘‘आन् सांगायचं न्हाईस व्हय मला,’’ म्हणाले. ‘‘म्या उगंच गावाला भलतंच सांगत फिरलो. पी. भिंत अजून लांब हाय.’’

मी प्यायले, बाटली सोडली, भिंतीकडे एकदा पाहून घेतलं आणि तोंड पाण्यात घातलं.